अस्तराच्या कुंड्या

कुंडी प्लास्टिकची घ्यावी की कापडी, या एका प्रश्नाने माझं डोकं जितकं उठवलं आहे तितकं माझ्या नवऱ्यानेही उठवलेलं नाही, आणि त्यांनी लग्नापासून प्रामाणिक प्रयत्न केले आहेत. माझी छोटीशी नर्सरी आहे. घराच्या बाजूला मोकळी पट्टी होती, तिच्यावर हिरवी जाळी बांधली आणि खाली रोपं मांडली. गिऱ्हाईक येतं, मिरचीचं रोप हातात घेतं, उलटसुलट करून बघतं, आणि मग ठरलेला प्रश्न विचारतं, "वहिनी, यातली कुठली कुंडी चांगली?"

आता याला काय उत्तर द्यायचं? चप्पल चांगली की बूट, असं कुणी चांभाराला विचारतं का? कुठे चालायचंय ते सांगा, मग सांगते. प्लास्टिकच्या कुंडीत ओल टिकते, एखादा दिवस पाणी चुकलं तरी चालतं. पण मुळं भिंतीला अडून गोल गोल फिरत बसतात आणि पाणी जास्त झालं की कुजतात. कापडी कुंडीला चारी बाजूंनी हवा लागते. मूळ कडेपर्यंत आलं की तिथेच थांबतं आणि मागे नवे फाटे फुटतात, झाड जोम धरतं. पण ती वाळते लवकर आणि खालून गळते. म्हणजे विसराळू माणसाने प्लास्टिक घ्यावं आणि ज्याचा हात सारखा पाण्याच्या मगाकडे जातो त्याने कापड घ्यावं. संपलं. पण गिऱ्हाइकाला त्याचा स्वतःचा स्वभाव विचारला की राग येतो. त्याला कुंडीचा स्वभाव हवा असतो.

ही कटकट कमी होती म्हणून की काय, तिच्यात माझी नणंद पडली.

माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. तोंडावर सगळे तिला ताई म्हणतात आणि पाठीमागे मापताई. धंद्याने शिंपीण. बाकीच्या बायकांच्या गळ्यात साखळी असते तशी हिच्या गळ्यात टेप. आम्ही फ्रिज आणायला निघालो तेव्हा तिने आधी घराचं दार मोजलं, जिन्याचं वळण मोजलं आणि सांगितलं की उंचीचा आणू नका, वळणावर अडकेल. आम्ही उंचीचा आणला. तो वळणावर अडकला. त्या दिवसापासून घरात तिचं माप चालतं, माझं फक्त तोंड चालतं.

तिने लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या शिक्षणापायी राहून गेलं असं नातेवाईक डोळ्यांना पदर लावून सांगतात. ताईला विचारलं की ती म्हणते, "आले होते की बघायला. एकाचंही फिटिंग धड नव्हतं."

बाजाररस्त्यावर औषधांचं दुकान आणि किल्ल्या करून देणारा यांच्या मधे तिचा गाळा होता. अंग चोरून आत शिरावं लागायचं. शिलाईचं एक मशीन, एक टेबल, आरसा, कपडे घालून बघायला पडदा. शाळेचे गणवेश, दवाखान्यातले पांढरे कोट, हॉटेलातल्या वेटरांची जाकिटं, लोकांच्या खिडक्यांचे पडदे, हे सगळं तिने तिथे बसून शिवलं. आणि तिचा एक नियम होता: बिघडलेलं काम आपल्या नावावर राहू द्यायचं नाही. एकदा एका वेटरच्या जाकिटाची बाही बोटभर आखूड झाली. त्याची काही तक्रार नव्हती, तो घालून कामालाही लागला होता. हिच्या लक्षात आलं तशी ही हॉटेलात गेली, भर गर्दीच्या वेळी त्याच्या अंगातून जाकीट उतरवून घेतलं आणि गाळ्यावर येऊन बाही उसवायला बसली. तो बिचारा बनियनवर भांडी घासायच्या मोरीत लपून बसला होता.

पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले. गणवेशसुद्धा शाळेतच मिळायला लागले. आधी पडदे तेवढे राहिले, मग पडदेही गेले. ताईने गाळा सोडला आणि मशीन आमच्या बाहेरच्या खोलीत आणून ठेवलं. वर चादर घातली. आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागली.

हातांना काम नाही म्हटल्यावर या बाईने काय काय केलं म्हणून सांगू? माझ्या पुसायच्या फडक्यांना दुमड घालून शिवून टाकलं. पोत्याच्या तोंडाला नाडी बसवली. नर्सरीवर बांधलेली जाळी तिला तिरकी दिसली, तर ती यांना शिडीवर चढवून सोडवून परत बांधायला लावली. मला ओरडायचं निमित्त मिळेना, कारण सगळं आधीपेक्षा बरं झालेलं असायचं. यासारखं वैतागवाणं दुसरं काही नाही.

मग एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात आपली मावसबहीण येतेय. मी तिच्याबरोबर जाईन म्हणते. तिच्या घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत."

"कशाला?" यांनी विचारलं.

"बसून खायची सवय नाही मला. आणि इथे तेच चाललंय."

"तुझी मर्जी," हे ताटाकडे बघून म्हणाले. हे टेम्पो चालवतात, माझी रोपं लोकांच्या घरी पोचवतात. दिवसभर हॉर्न वाजवून घेतात आणि घरात आले की मूग गिळून बसतात. मीही, "बघा बाई, तुम्हाला बरं वाटेल ते करा," एवढंच म्हणाले. ती वयाने मोठी, तिने ठरवलेलं, आपण मधे कोण पडणार? पण खरं सांगायचं तर मला ते पटलं नव्हतं. तिकडे जाऊन तरी ही दुसऱ्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसणारच होती. आणि तिथे तर मशीनही नसणार.

त्याच सुमारास व्यापाऱ्याकडून कापडी कुंड्यांचा पहिला गठ्ठा आला. नमद्यासारखं जाड काळं कापड, दोन कान, बस. मी एक कुंडी मातीने भरून, रोप लावून, नमुना म्हणून बाहेरच्या खोलीत ठेवली, म्हणजे आल्या आल्या गिऱ्हाइकाच्या नजरेला पडेल. ताईने चष्मा लावला आणि कुंडी मातीसकट उचलून तिची तपासणी केली.

"याला शिलाई म्हणतात?" ती म्हणाली. "टाका केवढा बघ. उंट जाईल यातून. कडेला दुमड नाही. कानाला आडवी शिलाई नाही, ओढला की हातात येईल."

"ताई, झाडाला घालायचीय. ते काय लग्नाला जाणार आहे?"

"म्हणून कसंही शिवायचं?"

दुसऱ्या दिवशी मशीनवरची चादर घडी होऊन कपाटात गेली होती. हे टेम्पो घेऊन गेले आणि त्या जाड कापडाचा अख्खा तागा घेऊन आले. मशीनचा आवाज सुरू झाला तेव्हा मी जाळीखाली होते. हातातलं खुरपं खाली ठेवून जरा वेळ ऐकत उभी राहिले. पुन्हा जाण्याचं नाव निघालं नाही, आणि मला वाटलं, सुटलो बुवा.

कुंड्या काय सुरेख झाल्या होत्या! तळ गोल, शिवण सरळ, कानांना दुहेरी पट्टी, वरच्या काठाला राखाडी गोट. व्यापाऱ्याच्या कुंड्या त्यांच्या शेजारी नुकत्या झोपेतून उठल्यासारख्या दिसायच्या. गिऱ्हाइकांनी हात लावला की त्या सोडवेनात. ज्यांना प्लास्टिक न्यायचं होतं तेही कापडी घेऊन गेले. "आणि वहिनी, गळत अजिबात नाही हं," असं बँकेतले साहेब दोन दिवसांनी मुद्दाम सांगून गेले. हे साहेब आमच्या मागच्या इमारतीत राहतात आणि टोमॅटोचं फार मनावर घेतात. मी म्हटलं, "माती कुणाची आहे? माझी माती पाणी धरून ठेवते." नारळाचा भुसा किती घालायचा, खत किती, हे मी माझ्या हाताने ठरवलेलं आहे. मी माझीच पाठ थोपटून घेतली.

मग झाडं पिवळी पडायला लागली.

पहिली तक्रार बँकेतल्या साहेबांचीच आली. पिवळं पान एका हातात आणि मोबाइलमधला फोटो दुसऱ्या हातात. मी विचारलं, "पाणी किती घालता?" ते म्हणाले, "सकाळी एकदा." मी म्हटलं, "खरं सांगा." ते म्हणाले, "खरंच एकदा." मी म्हटलं, "मग संध्याकाळी कोण घालतं?" ते रागावून गेले. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातली बाई आली. तिच्या मिरचीने मान टाकली होती. तिलाही मी तेच ऐकवलं. अति तिथे माती, पाणी म्हणजे प्रेम नव्हे, दुपारी माती कोरडी दिसली म्हणून अख्खा मग उपडा करायचा नसतो, वगैरे. मग दवाखान्यातली नर्स आली. मग आणखी कुणी. प्रत्येकाला मी झाडलं. सगळं गाव पाणी घालून झाडं मारतंय आणि खापर माझ्यावर फोडतंय म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

ताई आतून हे ऐकत असायची. जेवताना म्हणाली, "लोकांना काही कळत नाही. एवढी चांगली कुंडी दिली."

"पालथ्या घड्यावर पाणी," मी म्हटलं. आम्हा दोघींचं एकमत झालेलं बघून हे घाबरून लवकर उठले.

शेवटी माझ्याच अंगणातलं वांग्याचं रोप पिवळं पडलं. तेही ताईच्या कुंडीतलं. आता मात्र दोष द्यायला गिऱ्हाईक नव्हतं. त्याला पाणी मीच घालत होते, आणि स्वतःला झाडायची मला सवय नाही. मी कुंडी आडवी केली, रोप बाहेर ओढलं, तर असा वास आला की मला तोंड फिरवावं लागलं. खालची माती म्हणजे नुसता रबरबाट. मुळं काळी, बोटाला लागली की साल निघून हातात यावी अशी. कापडी कुंडीत हे होतंच कसं? कापडातून पाणी जायला हवं. मी कुंडी रिकामी केली, धुतली, नळाखाली धरून भरली आणि वर उचलली.

एक थेंब खाली पडला नाही.

मी कात्री आणली आणि कुंडीचा तळ कापला. बाहेर जाड कापड. आत पातळ कापड. आणि मधे, दोन्हींच्या पोटात, चांगलं शिवणीत धरून बसवलेलं, रेनकोटचं कापड.

बाहेरच्या खोलीत मशीन चालू होतं. मी ती कापलेली कुंडी तशीच निथळत घेऊन आत गेले.

"ताई, हे काय आहे?"

तिने चष्म्यावरून बघितलं. "कापलीस कशाला?"

"हे मधलं. हे काय आहे?"

"अस्तर," ती म्हणाली, म्हणजे यात विचारायचं काय असा तिचा चेहरा. "बिनअस्तराचं काम मी देत नाही. कोटाला असतं, जाकिटाला असतं, जाड पडद्यालाही असतं. आणि साधं लावलं असतं तर गळलं असतं. म्हणून पाणी न जाणारं लावलं."

"गळायलाच पाहिजे! ताई, गळण्यासाठीच असते ही कुंडी! नाहीतर लोकांनी बादलीत झाडं लावली नसती? तुम्ही झाडांना रेनकोट शिवलात. आणि तोसुद्धा पाऊस आत ठेवणारा!"

मशीन थांबलं. मी थांबले नाही. बँकेतल्या साहेबांना मी खोटारडं ठरवलं, त्या नर्सला अडाणी म्हटलं, झेरॉक्सवालीच्या मिरचीचा जीव गेला, उद्या कुठल्या तोंडाने त्या सगळ्यांसमोर उभी राहू, असं माझं सगळं बाहेर पडलं. एक गोष्ट म्हणून साधी राहू देत नाहीत या घरात, तिच्यात कुणीतरी हुशारी घालणारच, असंही मी म्हणाले.

ताई ती कापलेली कुंडी मांडीवर घेऊन बसली होती. मधल्या कापडावरून बोट फिरवत होती.

"तो नमुना ठेवला होतास ना इथे," ती म्हणाली, "व्यापाऱ्याचा. त्याचं पाणी फरशीवर आलं होतं. काळा डाग पडला होता. तू तो घासत होतीस आणि बोलत होतीस, की एक वस्तू म्हणून धड येत नाही या घरात. मला वाटलं, आपण शिवू त्याने तरी तुझी फरशी खराब व्हायला नको."

"माझी फरशी?"

"तुझीच ना."

मला तो डाग आठवतही नव्हता. मी दिवसभरात किती गोष्टींवर ओरडते त्याची मला गणती नाही. फरशीवर ओरडते, नळावर ओरडते, ऊन लवकर आलं तर उन्हावर ओरडते. त्यातलं कुठलं तरी एक वाक्य या बाईने उचलून आपल्या मापात शिवून घेतलं होतं. मला आणखी राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. म्हणून मी कापलेली कुंडी उचलून बाहेर फेकली आणि हात धुवायला गेले.

संध्याकाळी हे आले. मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तिला बोलायला नको होतंस."

"मग काय करायला हवं होतं? झाडं मरू द्यायची?"

"तसं नाही," म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे तसं नाही म्हणजे कसं ते सांगितलंच नाही. हे खोलीत गेले तर ताई कपडे बॅगेत भरत होती. ते तसेच परत आले.

पण सकाळी मी जाळीखाली गेले तेव्हा ताई आधीच तिथे उभी. गळ्यात टेप, हातात उसवायची सुई. "कुणाकुणाला दिल्यात ते आठवतंय ना?" तिने विचारलं. "चल. जाईन तेव्हा जाईन, बिघडलेलं काम मागे ठेवून जाणार नाही."

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. यांच्या टेम्पोत मागे मातीची पोती, रिकाम्या कुंड्या, नवी रोपं, आणि पुढे आम्ही दोघी, एकमेकींशी न बोलता. एकेका घरी जायचं, बेल वाजवायची, माफी मागायची. माफी मी मागायची, कारण शिव्या मी दिल्या होत्या. मग गॅलरीत वर्तमानपत्र पसरायचं, मी झाड हलक्या हाताने मातीसकट काढून धरायचं, आणि ताईने कुंडी उलटी करून आतली शिवण उसवायची, मधलं कापड ओढून काढायचं आणि कड परत हाताने शिवून द्यायची. वाचण्यासारखं झाड असेल तर मी काळी मुळं छाटून ते परत लावायचे. नसेल तर नवं. नव्या रोपाबद्दल कुणी काही देऊ केलं की ताई माझ्याकडे अशी बघायची की मी हात मागे घ्यायचे.

बँकेतल्या साहेबांनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघून परत लावून घ्यायला निघाले होते. मी दारात पाय घातला आणि म्हटलं, "साहेब, चूक आमची होती. तुम्ही एकदाच पाणी घालत होतात." ते फुलून आले. एवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "दुपारी मी घालते की!" आणि तिच्यामागून सासूबाई म्हणाल्या, "आणि मी तिन्हीसांजेला. दिवसभर उन्हात असतं बिचारं."

मी ताईकडे बघितलं. ताईने माझ्याकडे बघितलं. त्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या तोंडाचा कोपरा हलला. साहेब अपमान झाल्यासारखे उभे होते. "यांना कापडीच हवी," ताई म्हणाली. "अस्तर काढलेली. आणि खाली परात."

झेरॉक्सच्या दुकानात उलटं. तिथे कुंडी काचेच्या आत, मशीनच्या गरम हवेत, आणि पाणी घालायचं कुणाच्याच लक्षात नाही. ती बाई शपथेवर सांगत होती की ती आठवड्यातून कधीतरीच पाणी घालते. मी तिला काय काय बोलले होते ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकं कमी पाणी, तरी तेवढंही बाहेर जाईना, म्हणून मिरची गेली. पण अस्तर काढलं असतं तर ती दोन दिवसांत वाळून गेली असती. इकडे आड, तिकडे विहीर. ताईने कुंडी हातात घेतली, दुकान बघितलं, बाईच्या काउंटरवरचा पसारा बघितला आणि म्हणाली, "हिला प्लास्टिकची दे. खाली भोकं असलेली. माझी राहू दे." स्वतःच्या हाताने शिवलेली, गोट लावलेली कुंडी तिने काखेत मारली आणि टेम्पोत जाऊन बसली. मला तिचा अभिमान वाटला. तसं म्हणायला मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "लवकर चला, ऊन चढतंय."

शेवटची कुंडी झाली त्या दिवशी ती घरी येऊन हात धुऊन म्हणाली, "झालं. आता काही राहिलं नाही." मशीनवर चादर पुन्हा चढली.

आणि मावसबहीण आली.

ही बाई गोड आहे. इतकी गोड की बोलताना ऐकणाऱ्याचे दात दुखावेत. मुलाच्या गाडीतून आली, मुलगा बाहेर गाडीतच बसला. ताईच्या दोन बॅगा दाराशी होत्या. मी चहा केला. हे भिंतीला टेकून उभे होते आणि गाडीत काय काय मावेल याचीच चौकशी करत होते. म्हणजे मशीन मावेल का, ते मावणार नसेल तर टेम्पोने नंतर पोचवू का. मला वाटत होतं, यांच्या डोक्यात चहाची किटली घालावी.

"मशीन कशाला गं?" मावसबहीण म्हणाली. "आमच्याकडे काही करायचं नाही हं ताई. आयुष्यभर केलंस. आता नुसतं बसायचं, खायचं, टीव्ही बघायचा. एक बोटसुद्धा हलवू देणार नाही मी तुला."

ताई कपातल्या चहाकडे बघत होती. तिची बोटं गळ्यातल्या टेपचं टोक गुंडाळत होती आणि सोडत होती.

माझा संयम मुळातच तोकडा. तो संपला.

"बसायचं?" मी म्हटलं. "या बसणाऱ्यातल्या आहेत? यांना बसवून ठेवाल तर या तुमचे सोफे उसवून परत शिवतील. आणि इथलं काम कोण करणार? बिनअस्तराच्या कुंड्या कोण शिवणार? त्या व्यापाऱ्याच्या टाक्यांतून उंट जातो! त्या नर्सबाईंनी गच्चीसाठी कुंड्या सांगितल्यात त्यांना काय तोंड दाखवू? आणि गिऱ्हाइकांना मी एकटी तोंड देऊ का? मी त्यांच्यावर ओरडते, ताई नुसतं बघतात, तर ते खरं बोलायला लागतात!"

"अगं, हळू," हे म्हणाले.

"तुम्ही गप्प राहा. तुम्ही नेहमी गप्पच असता, आजही राहा."

मावसबहिणीने कप खाली ठेवला. ताईने वर बघितलं. रागाने नाही, हसूनही नाही. एखाद्या कापडाचा पोत बघते तसं.

"हे आज सांगतेस?" ती म्हणाली. "महिना झाला मी जाणार म्हणून. भाऊ म्हणाला, तुझी मर्जी. तू म्हणालीस, बघा बाई, तुम्हाला बरं वाटेल ते करा. मर्जी पाहुण्याची विचारतात गं. घरच्या माणसाला, गप बस, कुठे चाललीस, असं म्हणतात. मी रोज वाट बघत होते, आज तरी कुणी म्हणेल."

यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. मी ज्याच्या त्याच्यावर ओरडते, दिवसभर ओरडते, आणि जिच्यावर ओरडायचं होतं तिच्याशीच तेवढी मी सभ्यपणे वागले होते.

मी उठले, दाराशी गेले आणि दोन्ही बॅगा आत न्यायला उचलल्या. जड होत्या. कपड्यांपेक्षा कापडाचे तुकडेच जास्त भरले असणार.

"गप बसा, ताई," मी म्हटलं. आवाज फुटला, तरी मोठाच निघाला. "कुठे चाललात?"

"एवढंच म्हणायला तुला महिना लागला होय," ती म्हणाली, आणि चहा प्यायला लागली.